‘ड्राय’ म्हणजे कशाविना? एका इंग्रजी विशेषणाचे अर्थ आणि वापर

तासगाव परिसरातील जी मुलेमुली संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात, त्यांच्या वहीत ‘ड्राय’ या शब्दासमोर बहुधा ‘कोरडा, सुका’ एवढेच लिहिलेले असते. एवढ्या भांडवलावर ओले नसलेले कपडे आणि पाऊस नसलेली हवा यांची वर्णने नीट समजतात. परंतु पुढे ‘ड्राय काउ’, ‘ड्राय वाइन’, ‘ड्राय ह्यूमर’ आणि ‘ड्राय रन’ भेटले की कोरडी गाय, सुकी दारू, कोरडा विनोद आणि सुकी धाव अशी भाषांतरे होऊ लागतात. मग विद्यार्थी शब्दकोशातील सगळे अर्थ ओळीने पाठ करायला घेतो आणि आठवड्याभरात विसरतो.

या लेखात मी एक वेगळी पद्धत पायरीपायरीने मांडते. ‘ड्राय’ दिसला की मनात एकच प्रश्न विचारावा : कशाविना? हे विशेषण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी काहीतरी नसल्याचे सांगते, आणि काय नाही हे त्याच्या पुढे येणारे नाम ठरवते. कपड्यात पाणी नाही, गाईच्या कासेत दूध नाही, वाइनमध्ये साखर नाही, टोस्टवर लोणी नाही, व्याख्यानात रस नाही. हा प्रश्न सवयीचा झाला की नवीन शब्दजोडीचा अर्थ शब्दकोश न उघडताही बऱ्याच वेळा लागतो.

पहिली पायरी : उच्चार आणि रूपे

शब्द तीन अक्षरांचा आहे, डी, आर आणि वाय. उच्चार एकाच झटक्यात करावा. ‘डराय’ असे दोन तुकडे करू नयेत. तुलना करताना शेवटचा वाय जाऊन त्या जागी आय येतो, म्हणजे ‘ड्रायर’ हे ‘अधिक कोरडा’ या अर्थी डी-आर-आय-ई-आर असे, आणि ‘ड्रायेस्ट’ हे डी-आर-आय-ई-एस-टी असे लिहितात. केस वाळवण्याचे यंत्र मात्र बहुधा वाय कायम ठेवून लिहिले जाते, उच्चार तोच राहिला तरी. क्रियापदाच्या ‘ड्राइज’ आणि ‘ड्राइड’ या रूपांतही वायचा आय होतो, पण ‘ड्रायिंग’मध्ये वाय तसाच राहतो. ‘ड्रायिंग’ म्हणजे वाळवणे आणि ‘ड्रॉइंग’ म्हणजे चित्र काढणे, हा फरक उच्चारातही सांभाळावा. क्रियाविशेषण ‘ड्रायली’ वायने लिहा किंवा आयने लिहा, दोन्ही शुद्ध आहेत.

दुसरी पायरी : पाणी नाही, पण कोणते पाणी?

मूळ अर्थ पाण्याचा आहे, आणि येथेच मराठी माणसाला सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते, कारण आपली भाषा या बाबतीत इंग्रजीपेक्षा कितीतरी बारकाईने बोलते. फरशी कोरडी असते, पण मिरची वाळलेली असते. बोंबील सुका असतो, विहीर आटलेली असते, शेत कोरडवाहू किंवा जिरायत असते, ओठ सुकलेले असतात आणि घशाला कोरड पडते. या सगळ्यांसाठी इंग्रजीत मुख्यतः एकच ‘ड्राय’ आहे. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना शब्द निवडावा लागतो, आणि तो निवडताना पाणी मुळातच नव्हते, की होते आणि गेले, की काढून टाकले, हे पाहावे लागते.

सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. माणचे वर्णन इंग्रजीत करायचे झाल्यास ‘अ ड्राय रीजन’ असे म्हणता येते. भूगोलाच्या पुस्तकात ‘सेमी-ॲरिड’ हा अधिक नेमका शब्द येईल. तेथील पावसावर अवलंबून असलेली शेती म्हणजे ‘ड्राय-लँड फार्मिंग’. पावसाळ्यात मध्येच दोन-तीन आठवडे पाऊस गायब झाला तर तो ‘ड्राय स्पेल’, म्हणजे पावसातील खंड. हाच शब्द क्रिकेटमध्ये धावा न निघणाऱ्या फलंदाजासाठीही वापरतात. नदीबाबत मात्र ‘इज ड्राय’ एवढेच न म्हणता ‘रन्स ड्राय’ असे म्हटले तर पाणी होते आणि ते संपले हा भाव येतो. ‘द येरळा रन्स ड्राय इन समर’, म्हणजे येरळा उन्हाळ्यात आटते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले. त्या वेळच्या लातूरचे वर्णन ‘द टॅप्स हॅड रन ड्राय’ या पाच शब्दांत होते, आणि त्याचे मराठी भाषांतर ‘नळ कोरडे होते’ यापेक्षा ‘नळांना पाणी येईनासे झाले होते’ असे करणे मला अधिक योग्य वाटते.

येथे एका चुकीविषयी सांगितलेच पाहिजे, कारण ती मी स्वतः केलेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या नुकसानीचा अर्ज मी इंग्रजीत लिहून दिला होता. अतिवृष्टीने पीक कुजले होते, आणि ‘ओला दुष्काळ’ याचे मी ‘वेट ड्रॉट’ असे शब्दशः भाषांतर केले. अर्ज खुलाशासाठी परत आला, कारण इंग्रजीत ‘ड्रॉट’ या शब्दाच्या अर्थातच पाण्याचा अभाव आहे आणि ओला ड्रॉट ही कल्पना इंग्रजी वाचकाला लागत नाही. त्या शेतकऱ्याचे काही आठवडे त्यात गेले, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते की ओल्या दुष्काळासाठी ‘क्रॉप लॉस ड्यू टू एक्सेसिव्ह रेन’ असे सरळ लिहावे. कोरड्या दुष्काळासाठी नुसते ‘ड्रॉट’ पुरते. त्याला ‘ड्राय’ जोडणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणे होय.

तिसरी पायरी : ‘ड्राय’ आणि ‘ड्राइड’ यांत फरक करणे

द्राक्षपट्ट्यातील विद्यार्थ्यांसाठी ही सर्वांत उपयोगाची पायरी आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. ‘ड्राय’ हे स्थिती सांगते; ‘ड्राइड’ हे सांगते की वस्तू आधी ओली किंवा रसाळ होती आणि ती मुद्दाम वाळवली गेली. बेदाण्याच्या शेडवर दोन्ही शब्द एकाच वेळी लागू पडतात. शेडची जमीन ‘ड्राय’ असली पाहिजे, हवा ‘ड्राय’ असली पाहिजे, आणि जाळीवर पसरलेला माल दोनेक आठवड्यांनी ‘ड्राइड’ होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवलेल्या साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलोच्या आसपास बेदाणा मिळतो. त्या तयार मालातही सुमारे 15 टक्के ओलावा शिल्लक असतो. याचा अर्थ ‘ड्राइड’ म्हणजे ओलावा शून्य झाला असे नव्हे, तर वाळवण्याची क्रिया पूर्ण झाली असा आहे.

वाळवण्याची रीत सांगायची असेल तर तिचे नाव पुढे जोडतात आणि अशा जोडशब्दात नेहमी ‘ड्राइड’च येते : उन्हात वाळवलेले ते ‘सन-ड्राइड’, सावलीत वाळवलेले ते ‘शेड-ड्राइड’, गोठवून निर्वात स्थितीत वाळवलेले ते ‘फ्रीझ-ड्राइड’. आपला हिरवट बेदाणा सावलीतला असतो, त्यामुळे मालाच्या वर्णनपत्रात ‘शेड-ड्राइड’ लिहिणे अचूक आहे आणि खरेदीदाराला त्यातून रंगाचाही अंदाज येतो. बेदाण्याला ‘ड्राय ग्रेप्स’ म्हणण्याची आपल्याकडील सवय मात्र सोडावी. त्याला इंग्रजीत ‘रेझिन’ हे स्वतंत्र नाव आहे, आणि ब्रिटनमध्ये फिकट रंगाच्या बिनबियांच्या बेदाण्याला ‘सुल्ताना’ म्हणतात. आपल्याकडे जे द्राक्ष थॉमसन सीडलेस म्हणून ओळखले जाते, त्याच वाणाचे सुल्ताना हे जुने नाव आहे.

यालाच लागून ‘ड्राय फ्रूट’चा प्रश्न येतो. भारतातील इंग्रजीत या शब्दात काजू, बदाम, पिस्ता, बेदाणा, अंजीर असे सगळेच बसते, जसे ते आपल्या ‘सुक्या मेव्या’त बसते. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचक मात्र ‘ड्राइड फ्रूट’ म्हणतो आणि त्याच्या मनात फक्त वाळवलेली फळे येतात. काजू-बदामांना तो ‘नट्स’ म्हणतो. देशातल्या देशात लिहिताना ‘ड्राय फ्रूट्स’ चालते, ती चूक मानण्याचे कारण नाही. परदेशी पत्रव्यवहारात ‘ड्राइड फ्रूट अँड नट्स’ असे लिहावे, म्हणजे काय पाठवले जाणार आहे याबद्दल शंका राहत नाही.

काही पदार्थांत ‘ड्राय’ हाच शब्द रूढ झाला आहे आणि तेथे नियम लावत बसू नये. सुंठ म्हणजे ‘ड्राय जिंजर’. लाल मिरचीसाठी ‘ड्राय चिलीज’ आणि ‘ड्राइड चिलीज’ दोन्ही चालतात. सांगलीच्या बाजारातील हळकुंडासाठी, ते उकळून वाळवलेले असल्यामुळे, ‘ड्राइड टर्मरिक’ लिहिणे बरे. शेतातून नुकत्याच निघालेल्या ओल्या हळदीला ‘फ्रेश टर्मरिक’ म्हणतात, ‘वेट टर्मरिक’ नव्हे.

चौथी पायरी : पाण्याशिवाय दुसरे काय नाही, ते शोधणे

आता प्रश्न खऱ्या अर्थाने कामाला येतो. नाम बदलले की नसलेली वस्तू बदलते.

दुधाच्या धंद्यात ‘ड्राय काउ’ म्हणजे दूध देत नसलेली गाय. ‘भाकड गाय’ हे त्याचे रूढ भाषांतर आहे आणि ‘ड्राय पीरियड’ला ‘भाकड काळ’ म्हणतातच. तरी मला त्यात एक अडचण दिसते. आपल्या बोलण्यात भाकड या शब्दाला निरुपयोगी अशी छटा आहे, तर इंग्रजीतील ‘ड्राय काउ’ ही बहुतेक वेळा गाभण असून वेत जवळ आलेली, विण्यापूर्वी सुमारे 60 दिवस मुद्दाम दूध काढणे बंद करून विश्रांती दिलेली गाय असते. भिलवडी भागातील गोठ्यांवर ज्याला ‘गाय आटवणे’ म्हणतात, त्यालाच इंग्रजीत ‘टू ड्राय ऑफ अ काउ’ म्हणतात. म्हणून ‘आटवलेली गाय’ हे भाषांतर अधिक न्याय देणारे आहे. विरुद्धार्थी शब्द येथे ‘वेट’ नाही, ‘मिल्किंग’ किंवा ‘लॅक्टेटिंग’ आहे.

विरुद्धार्थी शब्द शोधणे ही या पायरीची दुसरी किल्ली आहे. ‘ड्राय कफ’ म्हणजे कोरडा खोकला, त्याच्या विरुद्ध कफ सुटणारा खोकला, ज्याला ब्रिटिश बोलण्यात ‘चेस्टी कफ’ म्हणतात. ‘ड्राय लँड’च्या विरुद्ध ओलिताखालची जमीन. वाइनच्या बाबतीत ‘ड्राय’च्या विरुद्ध ‘स्वीट’ येते, आणि तेथेच अर्थ उलगडतो : किण्वन होताना द्राक्षरसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते, आणि साखर जवळजवळ उरली नाही तर वाइन ‘ड्राय’ ठरते. ती द्रवच असते, तिच्यात कोरडे काही नसते. फक्त गोडी नसते.

दारूशी संबंधित दुसरा वापर मात्र अगदी वेगळा आहे आणि त्यात परदेशी माणसाची फसगत होऊ शकते. आपल्याकडे ‘ड्राय डे’ म्हणजे दारूविक्री बंद असलेला दिवस. 2 ऑक्टोबरला तो असतो, आणि निवडणुकीत मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे 48 तास मतदारसंघात विक्रीबंदी असते. ब्रिटिश माणसाला ‘अ ड्राय डे’ म्हटले तर त्याला पाऊस नसलेला दिवस समजेल. दारूबंदी असलेल्या प्रदेशाला ‘ड्राय’ म्हणणे मात्र सगळीकडे कळते. गुजरात हे ‘ड्राय स्टेट’ आहे, महाराष्ट्रात वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, आणि अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात देशभर दारूबंदी असताना तिच्या समर्थकांना ‘ड्राइज’ आणि विरोधकांना ‘वेट्स’ म्हणत असत.

स्वयंपाकघरात ‘ड्राय टोस्ट’ म्हणजे लोणी न लावलेला टोस्ट. ‘सुकी भाजी’ आणि ‘सुकं मटण’ यांत नसते ते रस्सा. खानावळींच्या मेनूकार्डावर ‘मटण ड्राय’ असे छापलेले असते आणि आपल्या लोकांना ते बरोबर कळते, पण बाहेरच्या पाहुण्याला ‘ड्राय मटण’ म्हणजे शिजताना रस आटून चरबट झालेले मटण वाटू शकते, कारण इंग्रजीत मांस ‘ड्राय’ झाले ही तक्रार असते. पाहुण्याला ‘विदाउट ग्रेव्ही’ असे सांगावे.

कचऱ्याच्या गाडीवरील ‘ड्राय वेस्ट’मध्ये प्रश्नाचे उत्तर पाणी असे येत नाही, हे मुलांना मुद्दाम दाखवावे लागते. पावसात भिजलेली प्लास्टिकची बाटली ओली असली तरी ती ‘ड्राय वेस्ट’च आहे, आणि वाळून कडक झालेली भाकरी कोरडी असली तरी ती ‘वेट वेस्ट’मध्ये जाते, येथे नसलेली गोष्ट म्हणजे कुजण्याचा गुण.

‘ड्राय क्लीन’मध्ये कपडे द्रवातच बुडवतात, पण तो द्रव पाणी नसतो. ‘ड्राय आइस’ म्हणजे घनरूप कार्बन डाय-ऑक्साइड. तो उणे 78.5 अंश सेल्सिअसला थेट वायू होतो, वितळून ओल ठेवत नाही, म्हणून ते नाव. ‘ड्राय पोर्ट’ला समुद्र नसतो. कवठेमहांकाळ तालुक्यातील रांजणी येथे ड्रायपोर्ट उभारण्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना हे ठाऊक असेलच की तेथे कंटेनर, गोदामे आणि सीमाशुल्काची व्यवस्था अपेक्षित आहे, जहाजे नव्हेत.

आणि ‘ड्राय रन’मध्ये काय नसते? प्रत्यक्ष परिणाम नसतो. 2 जानेवारी 2021 रोजी देशभर कोरोना लसीकरणाची ‘ड्राय रन’ घेण्यात आली, तेव्हा नोंदणी, ओळखपत्राची तपासणी, निरीक्षणासाठी बसवणे हे सगळे झाले, फक्त लस टोचली गेली नाही. मराठीत आपण याला सराव फेरी म्हणतो. ‘रंगीत तालीम’ हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे, पण तो वेशभूषेसह होणाऱ्या नाटकाच्या तालमीतून आला असल्यामुळे त्याला ‘ड्रेस रिहर्सल’ अधिक जवळचे आहे.

पाचवी पायरी : तक्रार आणि कौतुक वेगळे ओळखणे

माणसाच्या बोलण्याला किंवा लिहिण्याला ‘ड्राय’ लावले की अर्थ दोन दिशांना जातो. ‘अ ड्राय लेक्चर’, ‘अ ड्राय बुक’ म्हणजे रुक्ष, नीरस व्याख्यान किंवा पुस्तक. ही तक्रार आहे. ‘अ ड्राय सेन्स ऑफ ह्यूमर’ हे मात्र कौतुक आहे. असा माणूस चेहऱ्यावर हसू न आणता, आवाज न चढवता, साध्या विधानासारखे वाटणारे वाक्य बोलतो आणि ऐकणाऱ्याला क्षणभराने त्यातील गंमत कळते. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात असे एखादे आजोबा असतातच : वऱ्हाड दोन तास उशिरा पोहोचते, सगळे अस्वस्थ असतात, आणि आजोबा शांतपणे म्हणतात, “आलेत म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुहूर्तासाठी वेळेत आले.” ते स्वतः हसत नाहीत. या बोलण्याला रुक्ष म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात भावनेचे प्रदर्शन नसते, एवढाच ‘कशाविना’चा अर्थ.

ओळखायचे कसे? पुढचे नाम पाहावे. ‘ह्यूमर’, ‘विट’, ‘रिमार्क’ ही नामे असतील तर बहुधा कौतुक. ‘लेक्चर’, ‘टेक्स्टबुक’, ‘सब्जेक्ट’, ‘स्टाइल’ असतील तर तक्रार. कथेत ‘ही सेड ड्रायली’ असे आले तर ‘तो कोरडेपणाने म्हणाला’ असे लगेच लिहू नये. मराठीत कोरडेपणाने बोलणे म्हणजे आपुलकी न दाखवता बोलणे; इंग्रजी वाक्यात मात्र मिश्कीलपणा असण्याची शक्यता मोठी आहे. मागचापुढचा संवाद वाचून ‘चेहरा न बदलता म्हणाला’ असे काहीतरी लिहावे.

सहावी पायरी : लेबल वाचणे

सूचनांच्या इंग्रजीत ‘ड्राय’ कधी विशेषण असते, कधी क्रियापद. वाक्याच्या सुरुवातीला ‘ड्राय’ असेल तर ते बहुधा क्रियापद : ‘ड्राय इन शेड’ म्हणजे सावलीत वाळवा, ‘ड्राय फ्लॅट’ म्हणजे स्वेटर दोरीवर न टांगता सपाट पसरून वाळवा. नामाच्या आधी असेल तर विशेषण : ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’ म्हणजे थंड आणि कोरड्या जागी ठेवा. ‘ड्राय क्लीन ओन्ली’मध्ये ते ‘क्लीन’ला जोडलेले आहे आणि त्याचा अर्थ घरी पाण्यात धुऊ नका असा आहे, ‘कोरडे आणि स्वच्छ ठेवा’ असा अर्थ एका विद्यार्थिनीने लावला होता आणि आईची पैठणी पाण्यात जाता जाता वाचली.

लहान मुलांच्या औषधांत ‘ड्राय सिरप’ हा शब्द विशेष काळजीने वाचावा. बाटलीत पूड असते. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरील खुणेपर्यंत घालून, नीट हलवून ते औषध तयार करायचे असते आणि तयार झाल्यावर लेबलवर दिलेल्या मोजक्या दिवसांतच वापरायचे असते. पूड तशीच चमच्याने द्यायची नसते. शंका असेल तर औषध दुकानदाराकडून समोर करून घ्यावे.

सातवी पायरी : जोडक्रियापदे आणि वाक्प्रचार

‘अप’, ‘आउट’ आणि ‘ऑफ’ जोडले की अर्थाची छटा बदलते. ‘ड्राय अप’ म्हणजे साठा किंवा प्रवाह संपणे : ओढा, निधी, कामे, अगदी बोलता बोलता शब्दही. ‘ड्राय आउट’ म्हणजे आतपर्यंत ओलावा जाणे. माती, पुरात भिजलेली भिंत, शिळा ब्रेड यांना ते लागते. दारूचे व्यसन सोडण्यासाठी उपचार घेणाऱ्या माणसाबद्दलही हेच म्हणतात. ‘ड्राय ऑफ’ म्हणजे वरवरचे पाणी जाणे, जसे पावसातून आल्यावर टॉवेलने अंग पुसणे. गाईविषयीचा त्याचा खास वापर वर आलाच आहे. क्रियापदानंतर परिणाम सांगण्यासाठीही विशेषण येते : ‘वाइप द टेबल ड्राय’ म्हणजे टेबल पुसून कोरडे करा, ‘दे पम्प्ड द वेल ड्राय’ म्हणजे त्यांनी विहिरीचा तळ गाठेपर्यंत पाणी उपसले. ही रचना मराठीत नसल्यामुळे मुले ती टाळतात. मी मात्र ती रोज एका वाक्यात वापरून घेते.

वाक्प्रचारांपैकी चार सुरुवातीला पुरेत. ‘बोन-ड्राय’ म्हणजे हाडासारखे कोरडे, आपल्याकडचे कोरडे ठाक किंवा कोरडे ठणठणीत. ‘लेफ्ट हाय अँड ड्राय’ हे ओहोटीनंतर किनाऱ्यावर अडकलेल्या जहाजावरून आले आणि त्याचा अर्थ ऐन वेळी वाऱ्यावर सोडलेला असा आहे. ‘ड्राय’ दिसला म्हणून पाण्याचा संबंध शोधू नये. ‘होम अँड ड्राय’ हा ब्रिटिश वापर, काम सुखरूप तडीस गेले या अर्थाचा. ‘देअर वॉज नॉट अ ड्राय आय’ म्हणजे ज्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही असा एकही माणूस नव्हता.

आठवी पायरी : उलटा प्रवास, मराठीतून इंग्रजीत

सर्वांत जास्त चुका येथे होतात, कारण मराठीतील प्रत्येक कोरडा आणि सुका ‘ड्राय’ नसतो. कोरडी सहानुभूती म्हणजे ‘एम्प्टी सिम्पथी’. कोरडी आश्वासने म्हणजे ‘एम्प्टी प्रॉमिसेस’. सुका दम म्हणजे ‘एम्प्टी थ्रेट’. इंग्रजीत या ठिकाणी पोकळपणाची कल्पना आहे, कोरडेपणाची नाही. मुलाचा चेहरा सुकला असेल तर ‘हिज फेस लुक्स ड्रॉन’ म्हणावे. ‘ड्राय फेस’ म्हटले तर समोरचा क्रीम लावायला सांगेल. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ या म्हणीतील सुके आणि ओले हे सरपणाचे आहेत, पण सांगायचे असते ते दोषी आणि निर्दोषी यांच्याविषयी, तेव्हा भाषांतरात माणसांनाच पुढे आणावे. ‘कोरडे ओढणे’ यातील कोरडा तर चाबूक आहे, त्याचा या विशेषणाशी काही संबंध नाही. आणि कोरा कागद हा ‘ब्लँक’ असतो. कोरा आणि कोरडा यांची गल्लत नवशिक्यांच्या वहीत मी वारंवार पाहिली आहे.

एक शब्द मात्र असा आहे की त्याच्यापुढे मीही बराच वेळ थांबते. सातारा-सांगलीकडे घरी आल्यावर माणूस विचारतो, “आज कोरड्यास काय केलंय?” उत्तर येते, “आमटी केलीया.” कोरड्या भाकरीस लावून खायचे ते कोरड्यास, म्हणजे शब्दात कोरडेपणा आहे आणि ताटात बहुधा पातळ कालवण आहे. याला ‘साइड डिश’ म्हटले तर त्याचे महत्त्व कमी होते, ‘करी’ म्हटले तर झुणका आणि ठेचा बाहेर राहतात, आणि ‘ड्राय’ तर त्यात कुठेच बसत नाही, कारण येथे कोरडी आहे ती भाकरी, कोरड्यास नव्हे. मी विद्यार्थ्यांना ‘समथिंग टू गो विथ द भाकरी’ असे लिहायला सांगते. भाकरी हा शब्द तसाच ठेवावा.